नेट गेलं, मशीन अडलं, घाट बंद पडला: वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की आमच्याकडे पत्रं वाढतात. लाइट जाते, नेट जातं, घाटात दरड येते आणि मग माणूस विचार करायला लागतो की आपलं घर, आपलं दुकान नक्की कशाकशावर टांगलेलं आहे. ह्या वेळी पाच पत्रं घेतलीत. कुणाला लांब उत्तर मिळालंय, कुणाला आखूड, ते सांभाळून घ्या.

प्रश्न : दादा, म्हापशाच्या बाजारात माझं किराणा-मसाल्याचं दुकान आहे. मध्यंतरी एका शुक्रवारी, बाजार गच्च भरलेला, आणि साडेदहापासून पेमेंटच होईना. गिऱ्हाईक म्हणतं पैसे कापले, माझा स्पीकर काही बोलत नाही. ओळखीच्या चार-पाच जणांना तसंच सोडलं, दोघांचे पैसे अजून आलेले नाहीत. बिलिंगचं सॉफ्टवेअर पण ऑनलाइन, त्यामुळे भावसुद्धा बघता येईनात. असं परत झालं तर काय करू?
— दुकानदार, म्हापसा

भाऊ, आधी त्या दोन पेमेंटचं बघू. पैसे कापले गेले आणि तुम्हाला मिळाले नाहीत तर ते कुठे गडप होत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट मध्येच अडकलं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत गेलं पाहिजे, नाही गेलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. म्हणजे ते पैसे बहुतेक गिऱ्हाईकाच्या खात्यात परत गेलेत आणि त्याला पत्ताही नाही. फोन करून सांगा त्यांना, त्यात लाजायचं काय. फक्त स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप निघालीत. बारा आकडी रेफरन्स नंबर मागा आणि तो आपल्या बँकेत तपासा.

आता पुढचं. आपण सरसकट "नेट गेलं" म्हणतो पण त्यात कधी तुमचं इंटरनेट गेलेलं असतं, कधी तुमची बँक, कधी समोरच्याची बँक, आणि कधी तर यूपीआयची मुख्य यंत्रणाच अडकलेली असते, तशी ती २६ मार्च २०२५ ला आणि परत १२ एप्रिल २०२५ ला देशभर अडकली होती. प्रत्येकाला औषध वेगळं. तुमचं इंटरनेट जात असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. जेसीबीने रस्ता खणताना केबल तुटली तर ब्रॉडबँड जातं पण मोबाइल बरेचदा चालू राहतो, म्हणून एक वायरचं आणि एक सिमचं अशी जोडी चांगली. समोरच्याची बँक बंद असेल तर यूपीआय लाइटवाल्याचं पेमेंट बऱ्याचदा होऊन जातं, कारण एका वेळी हजार रुपयांपर्यंतचे ते पैसे आधीच वेगळे काढून ठेवलेले असतात, दर वेळी त्याच्या बँकेच्या सर्व्हरला विचारावं लागत नाही. आणि तुमचीच बँक बंद असेल तर दुसऱ्या बँकेचा क्यूआर लागतो. इथे खूप जण चुकतात, दोन वेगळ्या ॲपचे दोन क्यूआर लावतात आणि दोन्ही जातात एकाच खात्यात! मग दुसरा लावून उपयोग काय?

बँक स्वतःच्या चुकीनेच बंद पडते असंही नाही. ३१ जुलै २०२४ ला सी-एज ह्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाल्याचं बाहेर आलं. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. लागण पुढे पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तोडलं आणि देशातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत झाली. पण हल्ला पुरवठादारावर आणि दारं बंद बँकांची, हे लक्षात घ्या.

फोंड्याच्या बाजारात सुकी मासळी विकणारी एक बाय आहे. तिने एका लाकडी फळीच्या दोन्ही बाजूंना क्यूआर चिकटवलेत, एकीकडे तिच्या बँकेचा, दुसरीकडे नवऱ्याच्या, वर प्लास्टिक लावलंय पाण्याचा हात लागतो म्हणून. एक चालेना की फळी उलटी करते, एवढंच. मला तरी ह्याहून चांगली व्यवस्था सुचत नाही. शिवाय गल्ल्यात दहा-वीसच्या नोटांचं एक बंडल कायम ठेवा, ज्या दिवशी सगळं बंद पडतं त्या दिवशी सुट्ट्या पैशांवाचूनच धंदा बसतो. आणि भावांची यादी महिन्यातून एकदा प्रिंट काढून खिळ्याला लावा, शेजारी एक साधं बिलबुक.

प्रश्न : आमचं फोंड्याला टॅक्स आणि अकाउंटिंगचं लहान ऑफिस आहे, चार कॉम्प्युटर, साठ-सत्तर जणांचं टॅली आणि जीएसटी. रोज रात्री बॅकअप आपोआप एक्सटर्नल हार्ड डिस्कवर जातो. भाचा म्हणतो क्लाउडवर पण ठेव, मला त्याची भीती वाटते. बॅकअप आहे म्हणजे झालं ना?
— एक अकाउंटंट

नाही ताई, झालं नाही. तुमचं पत्र वाचून मला धडकीच भरली, का ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी रविवारी दुपारी मला एका ओळखीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, हार्डवेअरचं मोठं दुकान, कॉम्प्युटरचं काम मीच बघायचो. जाऊन बघतो तर सगळ्या फाइलींची चित्रं पांढरी झालेली, नावापुढे भलतंच शेपूट लागलेलं, आणि स्क्रीनवर एक नोट, पैसे द्या नाहीतर फाइली विसरा. बॅकअप होता की! तुमच्यासारखाच, रोज रात्री, आपोआप. पण ती हार्ड डिस्क चोवीस तास कॉम्प्युटरला लावलेली, त्यामुळे ज्याने कॉम्प्युटर कुलूपबंद केला त्याने डिस्क पण केली. दोन्ही एकाच मिनिटात. शेवटी सापडला तो हिशेब लिहिणाऱ्या दोघी मुलींपैकी एकीच्या पर्समधला पेन ड्राइव्ह, घरी काम करायला म्हणून तिने कधीतरी कॉपी नेलेली, चाळीस दिवस जुनी. ते चाळीस दिवस दोघींनी कागदी बिलांवरून परत टाइप केले, तीन आठवडे, रात्री नऊ-नऊपर्यंत. मी त्यांच्या शेजारी बसलेलो असायचो आणि मला मान वर करायची लाज वाटायची, कारण ती डिस्क कायम लावून ठेवायची व्यवस्था माझी होती.

तेव्हापासून मी एकच सांगतो, जो बॅकअप सतत जोडलेला आहे तो बॅकअप नव्हे. दोन डिस्क घ्या, एक आज एक उद्या, काम झालं की काढायची, आणि एक नेहमी ऑफिसच्या बाहेर, तुमच्या घरी. क्लाउडची भीती बाळगू नका, पण जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारा क्लाउड घ्या, नाहीतर बिघडलेली फाइलच वर जाऊन बसते. त्याला पासवर्ड वेगळा आणि दोन पायऱ्यांचं लॉगिन. आणि महिन्यातून एकदा त्यातल्या एका गिऱ्हाईकाचे हिशेब दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, हे कुणीच करत नाही आणि मग ऐन वेळी कळतं की तीन महिने बॅकअप रिकामाच चाललाय.

तुमच्या धंद्याशी जवळची एक गोष्ट सांगतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. तो पसरला युक्रेनमधल्या एका टॅक्स-अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. लोकांनी काही चुकीचं उघडलं नव्हतं, नेहमीचं अपडेट घेतलं होतं! त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली, आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंपनीला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. सगळ्या जाळ्याचा नकाशा ज्यात असतो त्या सर्व्हरच्या जगभरातल्या प्रती गेल्या, फक्त एक वाचली, घानातल्या ऑफिसची, कारण त्या वेळी तिथली लाइट गेलेली होती. त्यांचं नशीब. आपण ते काम हाताने वायर काढून करायचं.

म्हणून अपडेट बंद करू नका हां, न घेणं जास्त धोक्याचं. चारही मशीनवर एकदम मात्र टाकू नका, आधी एकावर टाका, दिवसभर काम करून बघा, मग बाकीच्यांवर. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या कॉम्प्युटर-सुरक्षेच्या कंपनीचं एक सदोष अपडेट एकदम सगळीकडे गेलं आणि जगभरात सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. तो व्हायरस नव्हता, चूक होती.

छोट्या गोव्याकडे कोण बघतंय असं मनात आणू नका. जून २०२२ मध्ये, ऐन पावसात, आपल्या जलसंपदा खात्याच्या पूर-देखरेखीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर आलं होतं, नद्यांवरच्या पंधरा ठिकाणची माहिती गोळा करणारी ती यंत्रणा, आणि बिटकॉइन मागितले होते. तुमच्याकडे साठ-सत्तर घरांचे पॅन आहेत, बँक खाती आहेत. उद्या काही झालंच तर नेटची वायर आधी काढा, मशीन फॉरमॅट करायची घाई करू नका, १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, आणि सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांच्या आत कळवायचा २०२२ पासूनचा नियम आहे तो पण पाळा. आणि सॉफ्टवेअरवाला दुरून कॉम्प्युटर हातात घेऊन काम करतो ना, त्याचं झालं की ते रिमोटचं ॲप बंद, दर वेळी.

प्रश्न : डिचोलीला आमची काजूची फॅक्टरी, वडिलांच्या वेळेपासूनची. दोन वर्षांपूर्वी कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून गर निवडणारी मशीन, घेतला, काम झपाट्याने व्हायला लागलं. मे महिन्यात त्याचा मेन बोर्ड गेला. एजंट म्हणतो चीनहून यायला सहा ते आठ आठवडे. निवडणाऱ्या बायका आता दुसरीकडे लागल्यात. चतुर्थीच्या ऑर्डरी हातात आहेत, मी काय करू?
— काजूवाला, डिचोली

भाऊ, आधी बोर्ड खरंच गेलाय का ते दुसऱ्याकडून बघून घ्या. एजंटला बोर्ड बदलणं सोपं असतं, पण पावसाच्या तोंडावर व्होल्टेज वर-खाली होऊन बरेचदा फक्त पॉवर सप्लाय उडालेला असतो, आणि तो आपल्याकडचा बोर्ड दुरुस्त करणारा सुद्धा बदलून देऊ शकतो. वेर्णा, कुंडईच्या फॅक्टऱ्यांना मशीन सांभाळणारी माणसं आहेत, ओळख काढा. बोर्डच गेला असेल तर त्याच मॉडेलची मशीन आणखी कुणाकडे आहे ते शोधा. सिंधुदुर्गात काजूवाले कमी नाहीत, एखाद्याकडे मजुरीवर माल काढून मिळेल.

एवढा वेळ का लागतो म्हणाल तर बोर्डावरच्या एखाद्या चिपसाठी. चिप बनवणारे कारखाने जगात मोजके. मार्च २०२१ मध्ये जपानमधल्या नाका इथल्या रेनेसास ह्या चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली, आधीच तुटवडा होता, त्यात गाड्यांच्या कंपन्यांचं उत्पादन आणखी रखडलं, अख्खी गाडी तयार आणि एका चिपसाठी उभी. त्याच महिन्यात २३ तारखेला एव्हर गिव्हन हे चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं बसलं, सहा दिवस. आणि २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. तुमचा बोर्ड त्या वाटेने येत नाही, पण जहाजं आणि कंटेनर लांबच्या फेऱ्यांत अडकले की भाडं सगळ्यांचंच वाढतं. तुम्ही आफ्रिकेतला कच्चा काजू घेत असाल, गोव्याचा हंगाम मे मध्ये संपतो तेव्हा बरेच जण घेतात, तर हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढच्या मशीनला पैसे देण्याआधी एजंटला विचारा की कुठला भाग सगळ्यात जास्त वेळा जातो आणि तो भारतात कुणाच्या कपाटात आहे. कपाटात नसेल तर तो भाग मशीनबरोबरच विकत घ्या. हवा मारणारे व्हॉल्व्ह, पॉवर सप्लाय, लाइटची पट्टी, एवढं तरी पाहिजेच. मशीनमधल्या सेटिंगची कॉपी पेन ड्राइव्हवर, आणि चांगला स्टॅबिलायझर.

पण मला खरी काळजी बायकांची आहे. तुमच्यासारख्याच एका फॅक्टरीत मी एका मावशींना निवडताना बघितलंय, हात टेबलावर सरकतोय, नजर खिडकीकडे, आणि बोटांखालून डाग पडलेला, करपलेला, साल चिकटलेला गर बाजूला पडतोय. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडात तीनशे ते तीनशेवीस काजूगर, मावशींनी मूठभर उचलून सांगितलं हे २४० मध्ये जातील, आणि वजन करून बघितलं तर बरोबर! हे शिकायला वर्षं लागतात आणि विसरलं जायला दोन हंगाम पुरतात. मशीन आली म्हणून सगळ्यांना सोडलं इथे चूक झाली, हे मी स्पष्टच सांगतो. चार-पाच जणींना परत बोलवा, पूर्वीपेक्षा जास्त मजुरी देऊन, आणि बोर्ड आल्यावर सुद्धा त्यांना ठेवा. उत्तम मालाची शेवटची निवड हातानेच करा. तुमचं गिऱ्हाईक त्याचे पैसे देतं.

प्रश्न : मडगावला माझी खानावळ आहे, रोज ऐंशी ताटं. पावसात घाट बंद झाला की भाजीचे भाव गगनाला आणि कधीकधी भाजीच नाही. गॅसचं पण टेन्शन. काही उपाय?
— खानावळवाली

वहिनी, उपाय आपल्या आजीने करून ठेवलाय, पुरुमेंत! मे महिन्यात सुकी मासळी, सोलां, चिंच, मिरच्या, कांद्याच्या माळा भरून ठेवायच्या, कारण पावसाचे चार महिने वाट बंद हे तिने गृहीतच धरलेलं. आपण ते सोडलं आणि रोज सकाळी बेळगावच्या गाडीची वाट बघत बसलो. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा आठवडाभरात काय अवस्था झाली ते तुम्हाला आठवत असेल. २३ जुलै २०२१ ला दरडीमुळे दूधसागर-सोनावळीजवळ रेल्वेच घसरली, २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी येऊन कोकण रेल्वे थांबली. म्हणजे हे अधूनमधून होणारच.

पावसात आपल्याकडच्या डोंगरउतारावरची काकडी, भेंडी, दोडकी येतात, दोन शेतकऱ्यांशी जूनच्या आधीच ठरवून टाका, थोडे आगाऊ पैसे देऊन. आठवड्याचे दोन दिवस कडधान्याचे ठेवा, मुगागाठी, चण्याचा रस, कुणी तक्रार करणार नाही. गॅसचं म्हणाल तर देशातला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो, आणि त्यातला बहुतेक आखातातून, त्यामुळे तिकडे काही झालं की धक्का इथे बसतो. एक सिलिंडर जास्तीचा आणि भातापुरती मोठी इंडक्शन शेगडी, एवढं असलं की दोन दिवस निभावतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१, पेडण्याला आम्ही दोघंच. मुलगा दुबईला. म्हापशाच्या बसमध्ये माझा फोन गेला. पेन्शनचं खातं, गॅस, वीजबिल, इन्शुरन्स, ईमेल, सगळं त्यातच. सिम परत मिळेपर्यंत दोन दिवस ओटीपी नाही, ईमेल उघडेना, मुलाचा नंबरही पाठ नव्हता. पैसे वाचले पण आम्ही दोघं फार घाबरलो. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं?
— निवृत्त मास्तर

सर, तुम्ही घाबरलात त्यात काही चुकलं नाही. सगळी कुलपं एका किल्लीवर आणि ती किल्ली बसमध्ये पडली, कोणीही घाबरेल.

एक वही करा, फोनमध्ये नको, कागदाची. त्यात मुलाचा नंबर, बँकेचा तक्रार नंबर, सिम कंपनीचा नंबर, १९३०, आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर. तो स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसतो, बॉक्सवर पण असतो. फोन गेला की पहिला फोन सिम बंद करायला, दुसरा बँकेला, मग पोलीस तक्रार, आणि तिच्या प्रतीवर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो हँडसेटच ब्लॉक करता येतो, मग दुसऱ्याच्या सिमवर पण चालत नाही. सिमला पिन लावून घ्या, नाहीतर चोर तुमचं सिम त्याच्या फोनमध्ये घालून ओटीपी घेतो.

ईमेलचं असं, गूगल खात्यात बॅकअप कोड म्हणून दहा कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे, फोन नसताना ओटीपीच्या जागी त्यातला एक चालतो. मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा प्रिंट काढून घ्या. पेन्शनच्या खात्याला यूपीआय नको, दुसऱ्या बँकेत एक लहान खातं काढा, महिन्याच्या खर्चापुरते पैसे त्यात टाका आणि फोनला तेवढंच जोडा. त्याचं एटीएम कार्ड घरी, थोडी रोकड पण घरी. काकूंच्या फोनवर पण एक-दोन गोष्टी चालू असू द्या, म्हणजे एक गेला तर दुसरा आहे.

आणि व्हॉट्सॲपवर चलन आलंय, लग्नाची पत्रिका आलीय म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप घालणारी फाइल, येते ती ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, त्या माणसाचा फोन आधीच हॅक झालेला असतो. ओटीपी न देताही खात्यातून पैसे गेले, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं की नुकसान तुमच्यावर येत नाही, रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात आहे ते. शनिवार-रविवार आहे म्हणून थांबू नका, त्याच मिनिटाला कळवा.

वही आणि कोडचा कागद कपाटात ठेवलात की काकूंना आणि मुलाला, दोघांनाही सांगा कुठल्या कप्प्यात आहे ते.